बाकी मागे लिहिली आहे

रात्री साडेदहाला पुन्हा हिशोब उघडतो.
सवय आहे. अठ्ठावीस वर्षं चोपडा डेपोत
वेबिल जुळल्याशिवाय झोपलो नाही,
कमी पडले तर खिशातून भरले.
आता वेबिल मोबाईलवर येतं:
आज विक्री शून्य.
काल एक.
परवाचा आकडा गोल फिरतो, फिरत राहतो.
नेट गेलं.

पुस्तक वर चढवलं हर्षालीनं,
मे महिन्यात, भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, कूलरसमोर.
किती विचारलं त्या ऑनलाइन दुकानानं!
अमेरिकेचे नागरिक आहात का?
नाही.
तिथे कर भरता का?
नाही रे बाबा. अडावदला सासुरवाडी,
त्यापलीकडे माझं कुठे काही नाही.
मग भाषा निवडा.
यादी खाली खाली सरकवली.
अहिराणी नव्हती.
निम्मं पुस्तक तर तिच्यातच बोलतं.
"मराठी टाकू, पप्पा?"
टाक म्हटलं. पुढं सरका, पुढं सरका म्हणत
किती जणांना उभं नेलंय आपण,
तीही येईल दांडा धरून.

किंमत एकोणपन्नास.
त्यातले माझे सतरा रुपये पंधरा पैसे.
पंधरा पैसे शेवटचे कधी हातात आले होते
ते आठवत बसलो.

सुपडूनाना, माझा ड्रायव्हर, पारावर रोज विचारतो,
"कोठे शे तुन्हं पुस्तक?"
मी मोबाईल पुढे करतो.
तो चष्मा कपाळावर चढवतो, काचेवर अंगठा घासतो,
"हाऊ ते मोबाईल शे.
पुस्तक हातमा दे, मंग सांगसू."
बावीस वर्षं त्याच्या मागे घंटी ओढली मी.
आता त्याला वाचून दाखवतो.
दोन पानं होतात, तेवढ्यात त्याला
साकळीच्या नाल्यातली गाडी आठवते,
आणि ती माझ्यापेक्षा चांगली सांगतो.
पुस्तकात नाही ती. राहून गेली.

पाच दिवस फुकट ठेवलं,
एकशे बारा जण चढले.
सहाव्या दिवशी तिकीट लावलं,
गाडी रिकामी.
राग नाही आला. स्टँडवरही
पंख्याखाली माणसं बसतातच,
सगळ्यांना यावललाच जायचं नसतं.

एकानं एकच चांदणी दिली.
लिहिलं, वेलांट्या उड्या मारतात.
खरं होतं. त्याच्या फोनवर
किनगावची वेलांटी गावाबाहेर उभी होती.
हर्षालीनं रात्रभर बसून सगळ्या जागेवर आणल्या.
त्याला कळवायची मात्र सोय नाही.

वाचलेल्या पानांचाही आकडा येतो.
जुलैत कुणीतरी एका रात्रीत
एकतीस पानं वाचली.
नंतर काहीच नाही.
नाव नाही, गाव नाही.
मी एकतिसावं पान काढून पाहिलं:

धानोरा फाट्यावर उतरलेली ती बाई,
वांग्यांची पाटी टपावर, पोरगं मांडीवर.
तिच्या तिकिटामागे मी पेनानं लिहिलेले आठ रुपये.
सुट्टे आले की देतो म्हटलं होतं.
सुट्टे किनगावला आले.

ते पोरगं असेल का? सुरतेला कुठे
पाळी संपवून, उशाला मोबाईल घेऊन?
नसेल.
झोप आली असेल कुणालातरी.
तरी बत्तिसाव्या पानाचं पहिलं वाक्य
मी चारदा बदललंय.

दुकान म्हणतं, हजार जमले की खात्यात टाकू.
तेवीस प्रती.
तीनशे चौऱ्याण्णव रुपये पंचेचाळीस पैसे.
कुठेतरी, कुणीतरी
माझ्याही तिकिटामागे लिहून ठेवलेत.

मी अजून उतरलो नाही.